लांब बसलेला पाहुणा

औशाहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि किल्ल्याचे बुरूज पाठीमागे पडले की एक कच्चा रस्ता फुटतो. तो जिथं दमून थांबतो तिथं खडकवाडी. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं आधी तिथं विहीर खोदून पाहिली असणार. वर वीतभर काळी माती, खाली सगळा पाषाण. अशा गावात पाणी लावून देणाऱ्या माणसाला मान असतो, आणि तो मान नरसिंगला होता.

पाषाणाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वातीला विस्तव लावायचा आणि ‘बार हायऽऽ’ असं ओरडत पळायचं, हा नरसिंगचा धंदा. त्याच्या आजोबाच्या काळी ज्या घराण्याला गावाच्या विहिरीवर पाय ठेवायची सोय नव्हती, त्याच घराण्यातल्या माणसानं काढलेलं पाणी आज गावातली बरीचशी शेतं आणि बरीचशी घरं पितात. नरसिंग हे कुणाला ऐकवत नसे. फक्त उन्हाळ्यात कुणी पाण्याच्या गोडीचं कौतुक करायला लागलं की मिशीवरून हात फिरवीत असे. धंद्यात त्याचा डावा कान गेला. त्याचंही त्याला दुःख नव्हतं. जेवायला बसताना बायकोला, चांगुणेला, तो डाव्या हाताला बसवायचा आणि आपला संसार इतका शांततेत कसा झाला म्हणून लोकांनाच विचारायचा.

त्यांचा मुलगा आदर्श दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि तिथंच फसला. लातूर जिल्ह्यात पोरगा हुशार निघाला की त्याच्यापुढं डॉक्टर होण्यावाचून मार्ग राहत नाही. लातुरात त्यासाठी गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. एका बाजूला क्लास, दुसऱ्या बाजूला खानावळ, मधून सायकलवर जाणारी फिकट पोरं. आदर्शही त्या गल्ल्यांत फिकट झाला. परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. इकडं चांगुणेनं मात्र पहिल्याच वर्षी गावात सांगून टाकलं होतं की पोरगं डाक्टर होऊन राहिलंय. त्यामुळं तो गावात आला की पारावरची माणसं ‘या डाक्टर’ म्हणायची, आणि एखादा म्हातारा उगाच जीभ बाहेर काढून दाखवायचा.

शेवटी तो नांदेडला गेला आणि बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं. तिथल्या एका सरांनी त्याला सांगितलं की मुंबईत एक शिक्षण मिळतं, ज्यात भौतिकशास्त्रही आहे आणि दवाखानाही. पास झालं की माणूस न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट होतो. एवढं लांबलचक नाव ऐकूनच आदर्शला धीर आला. असल्या नावाचा माणूस औसा तालुक्यात दुसरा नसणार, म्हणजे त्याच्याशी तुलना करायलाही कुणी नसणार. त्यानं प्रवेशाची परीक्षा दिली, आणि ही मात्र हुकली नाही.

काम तसं सांगायला सोपं आहे. साखरेच्या जातीचं एक औषध असतं, त्याला किरण सोडणारा कण जोडलेला असतो. ते रोग्याच्या शिरेत टोचायचं. अंगात कुठं वाईट गाठ असेल तर ती साखरेला हपापलेली असते. औषध तिथं जाऊन गोळा होतं, आणि मशीनच्या फोटोत ती जागा दिवा लावल्यासारखी उजळते. फोटोचा अर्थ डॉक्टर लावतात. औषध मोजून भरणं, टोचणं, माणसाला निवांत पडू देणं आणि फोटो नीट येईल असं बघणं, हे टेक्नॉलॉजिस्टचं. रोग्याला ते औषध एखाद्या वेळी मिळतं. टोचणारा मात्र रोज टोचतो, म्हणून त्याला स्वतःला जपावं लागतं.

हे जपणं शिकवायला तिथं एक बाई होत्या. आवाज मऊ, पण शिस्त शिशासारखी. त्यांच्या तीन गोष्टी होत्या: हाताळायचं ते झटपट, उभं राहायचं ते लांब, आणि मधे आडोसा धरायचा. सुरुवातीला त्यांनी पोरांना औषधाला शिवूच दिलं नाही. साधं पाणी शिशाच्या भांड्यात ठेवून तेच पुन्हा पुन्हा भरायला लावलं. सिरिंजलाही शिशाचं जाड कवच असे. ते हातात घेतलं की मनगट भरून येई. हात लांब करून उचलायचं, डोळ्यांपुढं धरून बघत बसायचं नाही, काम झालं की मागं सरायचं. आदर्श पाणी सांडायचा, बाई म्हणायच्या, पुन्हा. न सांडता भरायचा, तरी म्हणायच्या, पुन्हा. असं करता करता ती गोष्ट डोक्यातून उतरून हातात गेली, आणि हातातून अंगात. बाईंना तेच हवं होतं. अंगात भिनलेलं परत बाहेर कसं काढायचं, हे मात्र त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर त्यानं हे सगळं बापाच्या उजव्या कानात सांगितलं. नरसिंगनं विडी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी वात लावायची अन् आडोशाला पळायचं,” तो म्हणाला.

आदर्शनं मान डोलावली.

“मंग यात नवं काय हाय रं? घरातलाच धंदा की.”

तेव्हापासून पोरगा काय शिकतो असं कुणी विचारलं की नरसिंग ‘माझ्याच लायनीत हाय’ एवढंच सांगायचा. चांगुणेला ते पसंत नव्हतं. ती ‘फोटोचा डाक्टर’ म्हणायची. त्यावर शेजारच्या एका म्हातारीनं नातवाच्या बारशाचे फोटो काढून देतो का म्हणून विचारलं, आणि चांगुणेनं पुढचा सगळा महिना तिच्याकडं विरजण मागितलं नाही.

शिक्षण संपवून आदर्श नांदेडच्या एका खासगी तपासणी केंद्रात लागला. औषध हैदराबादेहून गाडीनं यायचं, जाड शिशाच्या डब्यात. त्याचा स्वभाव बाजारातल्या बर्फाच्या लादीसारखा. कुणी वापरो न वापरो, ते आपलं विरत राहतं. दर दोन तासांनी जवळजवळ निम्मं होतं. म्हणून गाडी फाटकात शिरली की आदर्शच्या अंगात वारं शिरायचं. पण रोगी मराठवाड्यातले. एकट्यानं दवाखान्यात येणं म्हणजे आपल्याला कुणी नाही असं चारचौघांत कबूल करणं, हे इथं सगळ्यांना ठाऊक. एका रोग्यामागं जीपभर माणसं यायची. कुणी डबा उघडायचं, कुणी पाय चेपायचं, कुणी तान्हं लेकरू आजोबाच्या मांडीवर द्यायचं. औषध टोचल्यावर रोग्यानं एका खोलीत न बोलता, न हलता, एकटं पडून राहायचं असतं, आणि संध्याकाळपर्यंत लेकरं आणि पोटुशा बायकांपासून जरा लांब राहायचं असतं. हे त्या जीपभर माणसांना पटवणं मशीन चालवण्यापेक्षा अवघड.

त्याला ते जमायचं. रोग्याला मशीनवर झोपवलं की हा काचेपलीकडं जाऊन माईकवरून बोलायचा. मामा, हलू नका, वावरात बांधावर पडलाय समजा. मावशी, झालंच बघा, आता फक्त गुडघे राहिले. त्याचा तो आवाज ऐकून म्हातारी माणसं मशीनच्या बोगद्यात घोरायला लागायची. काचेपलीकडून त्याच्याइतका मायाळू माणूस शोधून सापडला नसता. काचेअलीकडं काय होत होतं हे मात्र त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं. तो दुकानात उभा राहिला तर दोन गिऱ्हाइकांची जागा सोडून उभा राहायचा. खानावळीत जेवण उरकून इतक्या लवकर उठायचा की वाढप्याला वाटायचं पाहुणा रुसला. आणि कुणी समोर येऊन बसलं की त्याचा हात आपोआप काहीतरी उचलून मधे ठेवायचा. पाण्याचा जग, हेल्मेट, जे सापडेल ते.

अशा माणसासाठी त्याचे मामा, भीमामामा, स्थळ बघायला निघाले.

आणि स्थळ असं सापडलं की आदर्शची झोप उडाली. मुलगी उमरीची, नाव लुंबिनी. बाप दगडोबा रेल्वेत गँगमन होता, आता पेन्शनीत. मुलगी भोकर-उमरी एसटीवर कंडक्टर. मामांच्या मोबाइलवर तिचा फोटो आला तो खाकी कपड्यांतला. खांद्याला चामड्याची बॅग, छातीवर बिल्ला, आणि चेहऱ्यावर ‘सुट्टे असतील तर द्या, नसतील तर उतरा’ असा भाव. आदर्शच्याही छातीवर कामाच्या वेळी एक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते मोजायचा. त्याला वाटलं, दोन बिल्लेवाल्यांची गाठ कुठंतरी आधीच पडलेली आहे. चांगुणेला फोटो दाखवला तेव्हा तिनंही नाव ठेवलं नाही. एवढंच म्हणाली की बस भरून माणसं आवरणारी पोरगी एक नवरा सहज आवरील. आदर्शनं फोटो आपल्या मोबाइलवर घेतला, आणि काचेपलीकडून बोलताना अधूनमधून त्याकडं बघू लागला. हिच्यावाचून दुसरी नको, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं. तिला अजून विचारायचं बाकी होतं, पण ते त्याला किरकोळ वाटलं.

पाहायला गेले ते चौघं: नरसिंग, चांगुणा, भीमामामा आणि आदर्श. दगडोबाचं घर लहान पण लख्ख. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजी, भिंतीला लागून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. जय भीम झाला. दगडोबा उठून गळाभेटीला पुढं आला, तेव्हा आदर्शनं लांबूनच हात जोडले आणि एक पाऊल मागं घेतलं. मग जवळची खुर्ची सोडून दाराजवळची खुर्ची धरली. दगडोबा मायेनं त्याच्याशेजारी येऊन बसला, तसा हा उठून पलीकडच्या खुर्चीवर गेला. लुंबिनीनं पोह्यांचा ट्रे पुढं केला. यानं हात पुरता लांब करून, चिमट्यानं उचलावी तशी बशी उचलली, आणि लुंबिनी इतरांना देऊन होईपर्यंत ती रिकामी करून खाली ठेवली. ती समोर बसली. यानं पाण्याचा तांब्या उचलून दोघांच्या मधे ठेवला.

भीमामामा दोनदा खोकले. नरसिंग डाव्या बाजूचं ऐकू येत नसल्यानं सुखात होता.

मग मोठ्यांनी दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. अंगणात सिमेंटचा हौद होता. लुंबिनी हौदाच्या अलीकडं उभी राहिली, आदर्श पलीकडं जाऊन उभा राहिला. बोलायचं खूप होतं. बिल्ल्याचं बोलायचं होतं, फोटोचं बोलायचं होतं. पण डोकं रिकामं झालं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून तेच बाहेर पडतं जे रोज पडतं.

“उपाशी आहात का?” त्यानं विचारलं.

लुंबिनी चकित झाली. तिनं सांगितलं की सकाळी भाकरी खाल्ली आहे. मग त्यानं शुगरचा त्रास आहे का ते विचारलं. बंद जागेत घाबरल्यासारखं होतं का, तेही विचारलं. तिनं नाही म्हणून सांगितलं. एसटीत सवय झाली आहे म्हणाली आणि थोडी हसलीसुद्धा. ते हसणं बघून आदर्शचा उरलासुरला तोल गेला, आणि बायामाणसांना औषध टोचण्याआधी विचारायचा जो शेवटचा प्रश्न असतो, तोही त्यानं तितक्याच मायेनं विचारून टाकला.

“आणि गरोदर तर नाही ना तुम्ही?”

हौदावर बसलेला कावळा उडाला. लुंबिनीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, फाटकी नोट उजेडात धरून बघावी तसं.

“न्हाई,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

परतीच्या जीपमध्ये सोयाबीनच्या वावरांकडं बघता बघता आदर्शला आपण काय विचारलं ते कळलं. त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आई विचारत होती काय बोललात रं. हे तो कुणालाही सांगू शकत नव्हता. पुढचे दिवस तो मोबाइल वाजला की दचकायचा. लुंबिनीनं बापाला सांगितलं असेल, बापानं भावकीला, भावकीनं सगळ्या उमरीला.

निरोप आला तो भीमामामांच्या तोंडून. मामा खडकवाडीत येऊन ओट्यावर बसले आणि पाणी प्यायल्यावर म्हणाले, “नको म्हनायले.” कारण विचारलं तर त्यांनी दगडोबाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“आमच्या बापजाद्याला लोकांनी लांब बसवलं. आता आपलंच पोरगं शिकून आपल्यापसून लांब बसायलंय. असला जावाय मला नको.”

हे मात्र नरसिंगच्या उजव्या बाजूनं बोललं गेलं होतं. त्याला ते पुरतं ऐकू आलं. त्याचा हात मिशीकडं निघाला होता, तो मांडीवर परत आला. चांगुणा चुलीपुढं उगाच जाळ सारत बसली. मामांनी सगळं सांगितलं: खुर्ची बदलली ते, पोहे गिळले ते, तांब्या मधे ठेवला ते. आदर्श ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला मुंबईच्या बाई दिसायला लागल्या. झटपट, लांब, आडोसा. तिन्ही धडे त्यानं दगडोबाच्या घरात एकही चूक न करता म्हणून दाखवले होते. बाईंनी पूर्ण मार्क दिले असते.

हौदापाशी काय झालं ते निरोपात नव्हतं. म्हणजे तिनं घरात सांगितलंच नव्हतं. त्यानं आदर्शला बरं वाटायला हवं होतं, पण अशी पोरगी हातची गेली म्हणून उलट जीव जास्तच खाली गेला.

बाप त्याला एवढंच म्हणाला की सुरुंग उडाल्यावर आडोशातून बाहेर यायचं असतं. तिथंच बसून राहिलं तर विहीर होत नाही.

सुट्टीच्या दिवशी आदर्श भोकरला गेला आणि उमरीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभा राहिला. दिवस बाजाराचा. गाडी लागली तशी माणसं दाराला चिकटली. आदर्शनं सवयीनं गर्दी ओसरायची वाट पाहिली, पण ती ओसरणारी नव्हती. मागून एका वांग्यांच्या टोपलीनं त्याला आत ढकललं. आत हात हलवायला जागा नव्हती. पुढं कुणाचं पिशवीतलं कोंबडं, मागं टोपली, उजव्या कुशीत एका पैलवानाचं कोपर. माणसांच्या इतक्या जवळ तो किती वर्षांत आला नव्हता, ते त्याचं त्यालाच आठवेना.

“पुढं सरका, पुढं सरका,” असं म्हणत लुंबिनी गर्दीतून वाट काढत आली. त्याला पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“कुठं?”

“उमरी.”

तिनं मशीनवर तिकीट काढलं, हातात दिलं आणि पुढं गेली. सगळी तिकिटं झाल्यावर दाराजवळच्या आपल्या सीटवर येऊन बसली आणि तिकिटांची पत्र्याची पेटी शेजारच्या जागेवर ठेवली. आदर्श तिथवर कसाबसा सरकला. मला थोडं बोलायचं होतं, असं म्हणाला. बोला की, बस माझ्या एकटीची न्हाई, असं ती म्हणाली.

भर बसमध्ये बोलायचं म्हणजे सगळ्या बसशी बोलायचं, हे आदर्शला ठाऊक असायला हवं होतं. त्यानं औषधाचं सांगितलं, शिशाच्या डब्याचं सांगितलं, बाईंचे तीन धडे सांगितले, आणि त्यापायी पोहे कसे गिळले तेही सांगितलं. तो पहिल्या धड्यावर होता तोवर पुढच्या सीटवरची माणसं मागं वळली होती. तिसऱ्यावर आला तेव्हा कोंबडंसुद्धा गप्प होतं. वांग्याच्या टोपलीवाल्या म्हातारीनं त्याच्या अंगाला हात लावला तर काही होतं का, असं विचारून आधी हात लावूनही घेतला. त्यानं सांगितलं की काही होत नाही, मी दिव्यासारखा पेटलेला नाही, आणि रोग्याच्या अंगातलं औषधही रात्रीपर्यंत विरून जातं. पैलवानाला पोह्यांचा प्रसंग फार आवडला. म्हणजे पावनं पोह्यापसून बी पळून राहिले होते का, असं त्यानं विचारलं आणि बस हसली.

लुंबिनी हसली नाही. “माझा बाबा शेजारी बसला तवा उठून गेलात ते?”

“पाय आपोआप उठले,” आदर्श म्हणाला. “मला लांब बसायचं नव्हतं. जवळ बसायची सवय मोडली, एवढंच झालं. तुमच्या बाबाला जे वाटलं ते ऐकल्यापसून माझा बाप धड जेवला न्हाई.”

तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. कापसाची वावरं मागं जात होती.

“अन् हौदापाशी इचारलं ते?”

ड्रायव्हरनं काही कारण नसताना गाडी सावकाश केली.

“ते बी सवयीनंच,” तो कसंबसं म्हणाला. “रोज इचारावं लागतं. माफी मागायलाच आलो.”

“काय इचारलं ग बाई?” म्हातारी टोपलीवरून पुढं वाकली. पैलवान वाकला. कोंबडंवाला वाकला. सगळी भोकर-उमरी गाडी त्या एका प्रश्नावर झुकली, आणि आदर्शला कळलं की आता इथून उतरून नांदेडपर्यंत पायी जायची वेळ आली.

लुंबिनीनं बॅगेतले सुट्टे पैसे एकदा खळखळवले.

“उपाशी हाव का म्हणून इचारलं,” ती म्हणाली.

म्हातारीनं निराशेनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, “मंग चांगलंच इचारलं की माय. आम्हाला जल्मात कुनी इचारलं न्हाई.”

आजवर आडोसा आदर्शनं स्वतःसाठी धरला होता, शिशाचा, काचेचा, तांब्याचा. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी धरला की आत काय होतं, ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. काय बोलावं ते सुचेना, आणि या वेळी न सुचल्यावर तो सुदैवानं गप्प राहिला.

“पुढं सरका,” लुंबिनी म्हणाली.

तो बोटभर सरकला.

“अजून.”

तिनं पत्र्याची पेटी शेजारून उचलली आणि मांडीवर घेतली. रिकाम्या झालेल्या जागेकडं सगळी बस बघत होती. आदर्श तिथं बसला; आधी कडेला, मग रस्त्यातल्या एका खड्ड्यानं त्याला नीट बसवलं. उमरीपर्यंत पेटी पुन्हा मधे आली नाही. पैलवानानं उतरताना त्याच्या पाठीत एक थाप घातली, ती पुढचे दोन दिवस दुखत होती.

लुंबिनीनं घरी काय सांगितलं, किती सांगितलं, ते तिलाच ठाऊक. आठवडा गेला आणि भीमामामांच्या मोबाइलवर दगडोबाचा निरोप आला की पाहुण्यांनी जेवायला यावं, पोहे नाहीत.

पुन्हा तेच चौघं, तीच सतरंजी. या वेळी खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या होत्या; दगडोबानं धोका पत्करला नव्हता. जेवायला खाली बसताना नरसिंगनं दगडोबाला आपल्या उजव्या हाताला बसवलं. हा मान केवढा मोठा ते एकट्या चांगुणेला कळलं, आणि तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की तो वर बघेना. दगडोबाच्या पलीकडं आदर्श. त्या दोघांपुढं ताट एकच आलं. ज्वारीच्या भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा. गुडघ्याला गुडघा लागला होता. आदर्शचे पाय एकदा उठायला आले, त्यानं मांडी घट्ट आवळून धरली. दगडोबानं भाकरी मोडली, निम्मी त्याच्या बाजूला सारली आणि खायला लागला.

आदर्शचा हात मात्र सवयीला विसरला नव्हता. तो सावकाश तांब्याकडं गेला, तांब्या उचलून ताटापलीकडं बसलेल्या माणसांच्या आणि आपल्या मधे आणायला लागला. वाढायला वाकलेल्या लुंबिनीनं तो वरच्या वर काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या,” ती हळू म्हणाली. “मधी काही लागत न्हाई हितं.”

त्यानंतर आदर्श जेवला ते इतकं सावकाश, इतका एकेक घास मोजून, की नरसिंगचं झालं, मामांचं झालं, चांगुणेनं आत जाऊन भांडी विसळायला हात लावला, तरी हा आपला रश्शात भाकरी कुस्करत होता. एका ताटात बसलेल्या माणसाला आधी उठता येत नाही. दगडोबा पुष्कळ वेळ मायेनं बघत राहिला. शेवटी त्यानं आपली उष्टी बोटं त्याच्यापुढं धरली.

“पावनं,” तो म्हणाला, “हात वाळला माझा. आता उठायचं का?”